टेबलावर चढलेला फ्रिज

महाडात घर बघायला गेलेला माणूस हवा, उजेड, पूर्व-पश्चिम यांतलं काही विचारत नाही. दारात चपला काढता काढताच तो विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" आणि घरमालक, एरवी कितीही देवभोळा असला तरी, नजर खाली घालून सांगतो, "आलंच नव्हतं हो. आलं असलं तर पायरीपर्यंत." महिपतीने वर्षभरात अशी कितीतरी घरं बघितली आणि त्यातल्या एकातही पाणी आलेलं नव्हतं. मग एकवीसच्या पुरात सावित्री नदी शिरली ती नेमकी कोणाच्या घरात, असा त्याला प्रश्न पडला. त्याच्या घरात तर ती पंख्याला लागली होती.

महिपतीचं बाजारपेठेमागच्या आळीत फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागे भाड्याचं घर. माणूस चाळिशी ओलांडलेला, पण आजोबांचं नाव मिळाल्यामुळे शाळेपासूनच पोक्त. अंगाने आडवा, आवाजाने बारीक, आणि कोणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याला दरदरून घाम फुटायचा. पार मेलेला फ्रिजसुद्धा तो "बघू या" म्हणून ठेवून घ्यायचा आणि मग त्याला स्वतःला दुकानात आडवं होऊन शिरावं लागायचं. त्याची बायको पूजा रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. अर्ध्या महाडच्या दंडात तिने सुई घातली होती. त्यात सासूचाही दंड होता, आणि आपल्या वेळी सुनेचा हात जरा जास्तच जोरात चालतो असं सासूचं म्हणणं होतं. सासू म्हणजे बनुबाई, उमरठची, पोलादपूरच्या डोंगरात वाढलेली. घरातली कुठलीही गोष्ट आपल्याला विचारल्याशिवाय सुरू होऊ नये आणि झालीच तर बंद पडावी, अशा मताची.

या तिघांना घर बदलायचं होतं ते पाण्यामुळे नव्हे. पाण्याची त्यांना सवय होती. घर बदलायचं होतं ते केशिनीमुळे.

महिपतीचा धाकटा भाऊ सुनील मॉरिशसला एका हॉटेलात एसी-फ्रिजच्या कामावर गेला होता. तिथे त्याला एक मुलगी भेटली. तिचे खापरपणजोबा कधीकाळी कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेले. घरात अजून गणपती बसायचा आणि मोडकंतोडकं का होईना, मराठी बोललं जायचं. बनुबाईने लग्नाला मुकाट्याने होकार दिला, कारण एवढा समुद्र ओलांडूनही पोराने घावन खाणारी बायको शोधली याचं तिला कौतुक वाटलं. दोन वर्षांपूर्वी मोटारीच्या अपघातात सुनील गेला, त्याची बायकोही गेली. मागे उरली सहा वर्षांची केशिनी आणि तिची तिकडची आजी. आजीचे गुडघे गेलेले, नजर गेलेली. तिने फोन करून सांगितलं, "पोर तुमची पण आहे. माझ्यानं आता होत नाही."

महिपती आणि पूजाला मूल नव्हतं. बारा वर्षं डॉक्टर झाले, देव झाले, एक वैदूसुद्धा झाला. फोन ठेवल्यावर पूजा इतकंच म्हणाली, "आणू या तिला." महिपतीला वाटलं, आपलीच पुतणी, विमानाचं तिकीट काढायचं आणि घेऊन यायचं. पुढे कळलं की मूल दत्तक घ्यायचं तर यात दिल्लीचं एक ऑफिस आहे, मॉरिशसचं एक ऑफिस आहे, तिकडचं कोर्ट आहे आणि या सगळ्यांच्या आधी अलिबागहून येणारा एक साहेब आहे, जो घर बघून सांगणार की मूल इथे राहू शकतं की नाही.

साहेब आले. महिपतीने घर लख्ख केलं होतं. साहेबांनी चहा घेतला, खोल्या बघितल्या आणि भिंतीवर वर, पंख्याजवळ एक तपकिरी पट्टा दिसला तेव्हा विचारलं, "हा ओलावा कशाचा?"

आता कुठल्याही गावचा शहाणा माणूस म्हणाला असता, वरच्यांचा नळ गळतोय. पण महिपती पडला महाडकर. इथे पुराची खूण ही घरातल्या फोटोसारखी दाखवायची वस्तू असते. तो छाती काढून म्हणाला, "ओलावा नाय साहेब, एकवीसची खूण हाय. रंग दिला तेव्हा तेवढी मुद्दाम ठेवली."

"पाणी एवढं आलं होतं?"

"म्हणजे काय. आये त्या माळ्यावर बसली होती. आये, सांग ना साहेबांना."

बनुबाईनेही मग हातचं न राखता सांगितलं. साहेब सगळं लिहून घेत होते आणि मायलेकांना वाटत होतं, काय आस्थेने ऐकतायत. महिन्याभराने उत्तर आलं की घर पूरक्षेत्रात असल्याने मुलीसाठी योग्य नाही, सुरक्षित घर झाल्यावर पुन्हा कळवावं. पूजा दोन दिवस महिपतीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती घराबद्दलच.

असा घरशोध सुरू झाला. सकाळी लॅब, दुपारी दुकान, संध्याकाळी दुसऱ्यांच्या पायऱ्या. बनुबाई प्रत्येक ठिकाणी बरोबर. एका घरात तिला मोरी आवडली नाही, दुसऱ्यात शेजारीण. शेवटी रऊफभाईंची नवी बिल्डिंग निघाली, नातेखिंडीच्या बाजूला, चढावर. रऊफभाई बिल्डर म्हणून नवे होते, त्याआधी त्यांचे ट्रक चालायचे, त्यामुळे फ्लॅट दाखवतानाही ते "पुढे घ्या, पुढे घ्या, डावीकडे जागा हाय" असं म्हणत. बिल्डिंगचं नाव त्यांनी हौसेने ठेवलं होतं 'सावित्री दर्शन'. ते वाचून बनुबाई फाटकातच थांबली.

"मला तिचं दर्शन नको. येकदा माळ्यावर बसून घेतलंय."

"आजी, खिडकीतून लांबून दिसते फक्त," रऊफभाई म्हणाले. "इथं वर यायचं तर सावित्रीला लिफ्ट लागेल. आणि लिफ्ट तर अजून आम्हालाच नाय."

लिफ्टच्या जागी खरोखरच एक उभी विहीर होती, तिच्या तोंडाला फळ्या ठोकलेल्या. गणपतीपर्यंत बसते, असं रऊफभाई म्हणाले, पण कुठल्या वर्षीचे गणपती ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट पूजाला आवडला. त्यात एक छोटी खोली होती, पूर्वेला खिडकी असलेली. पूजा तिथे बराच वेळ उभी राहिली आणि महिपतीला कळलं की आता आपल्याला बाकीची घरं बघायला लागणार नाहीत.

मग बँक आणि अलिबाग अशा दोन आघाड्या एकदम उघडल्या. घर बघायला कधी बँकेचा माणूस येणार, कधी अलिबागचा, आणि दोघांचे फोन एकाच सुरात, "साहेब उद्या येतील." एका सकाळी नव्या फ्लॅटच्या दारात एक गंभीर चेहऱ्याचा माणूस आला. महिपती नवा शर्ट घालून तयारच होता. पहिल्या वेळेसारखी चूक करायची नाही, पाण्याचं नाव काढायचं नाही, फक्त मायेचं बोलायचं, हे पूजाने त्याला घोकून दिलं होतं. माणूस खिशातून मोजपट्टी काढतोय तोच महिपतीने त्याचा हात धरला.

"साहेब, आम्ही तिला पोटच्या पोरीसारखं वाढवू."

"कुणाला?"

"केशिनीला."

माणसाने कागद चाळले. "त्यांचं नाव कुठे दिसत नाही यात."

"कागदावर नसंल अजून. मनात हाय."

"मनातलं बँकेला चालत नाही हो," तो म्हणाला आणि पट्टीचं एक टोक महिपतीच्या हातात देऊन हॉल मोजायला लागला. महिपती डोळे पुसत पट्टी धरून उभा राहिला.

मे महिन्यात ते नव्या घरात आले. छोट्या खोलीला पूजाने निळा रंग दिला. पलंग आला, माशांची चित्रं असलेली चादर आली. वास्तुशांतीला अख्खी जुनी आळी जेवली आणि निघताना महिपती जिन्यात उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "पाणी आलं की सरळ आमच्याकडं या. घर तुमचंच हाय." बोलायला काय जातं. पण महाडात असलं बोलणं कोणी हवेवर सोडत नाही. वरच्या मजल्यावरचं घर कोणाचं आहे आणि त्याने कधी काय म्हटलंय हे इथे लोकांना तोंडपाठ असतं.

आता अडचण एकच उरली होती, आणि ती सगळ्यात मोठी होती. केशिनी बोलत नव्हती.

दर रविवारी मॉरिशसला व्हिडिओ कॉल व्हायचा. तिघं सोफ्यावर ओळीने बसायचे, पूजा काठाच्या साडीत, बनुबाई नथ घालून, महिपती केस चापून, जणू लग्नातला फोटो काढायला बसलेत. पलीकडे आजी दिसायची आणि टेबलाखालून वर आलेली दोन वेण्यांची टोकं. महिपती विचारायचा, "जेवलीस का?" टेबलाखालून आवाज यायचा, "वी." म्हणजे हो. मग वेण्या नाहीशा व्हायच्या. पुढल्या रविवारी पुन्हा जेवलीस का. दर आठवड्याला एकच प्रश्न विचारणाऱ्या काकाबद्दल त्या पोरीचं काय मत झालं असेल ते महिपतीला कळत होतं, पण कॉल लागला की दुसरा प्रश्न म्हणून त्याला आठवत नसे.

जुलैत अलिबागहून फोन आला. या वेळी म्हात्रे मॅडम येणार होत्या. त्यांनी सरळच सांगितलं, "घर बघेन, पण मुख्य म्हणजे माझ्यासमोर मुलीशी तुमचं बोलणं व्हायला हवं. तिला तुमच्याकडे यायचंय हे मला तिच्याकडून कळायला हवं. ती गप्प बसली तर मला पुढे पाठवता येणार नाही." गुरुवार ठरला. मॉरिशसच्या आजीला दुपारी फोन करायला सांगितलं. मॅडम आदल्या दिवशीच माणगावला येऊन राहणार होत्या. बुधवारी रात्री पूजाने महिपतीला दुसरे प्रश्न शिकवले. शाळा आवडते का. मैत्रिणी किती. महिपतीने पाठ केले आणि झोपेत विसरला.

गुरुवारी सकाळी नगरपालिकेचा भोंगा वाजला.

पाऊस तीन दिवस लागून होताच, नदी बाजारपेठेकडे चढायला लागली होती. भोंगा ऐकल्यावर महाडच्या माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. पूजाने पीठ मळता मळता हात धुतले. महिपतीने फ्रिजची वायर काढली. दोघांनी एका शब्दाशिवाय फ्रिज उचलून जेवणाच्या टेबलावर चढवला. बनुबाईने तांदळाचा डबा आणि देव माळ्यावर टाकले. गाद्या गुंडाळून कपाटावर गेल्या, मिक्सर खिडकीच्या वर, कागदपत्रांची पिशवी पूजाच्या गळ्यात. सगळं झाल्यावर तिघं धापा टाकत हॉलच्या मध्ये उभी राहिली.

"अहो," पूजा म्हणाली, "आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत."

महिपतीने खिडकीतून खाली बघितलं. चढावरचा रस्ता ओला होता, बाकी काही नाही. बनुबाई म्हणाली, "मी म्हणणारच होते." फ्रिज खाली घ्यायला महिपती वाकला आणि त्याच्या कमरेत अशी चमक भरली की तो तसाच हळूहळू जमिनीवर आडवा झाला. फ्रिज वर राहिला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जुन्या आळीतल्या महरुन्निसाचाची, त्यांची सून नौशीन आणि नौशीनच्या खांद्यावर तिचं तान्हं बाळ. "महिपती, तू बोलला होतास म्हणून आलो रे," चाची म्हणाल्या. "पाणी पायरीला लागलं." महिपती जमिनीवरूनच म्हणाला, "या या, घर तुमचंच हाय," आणि म्हणता म्हणता त्याला आठवलं की आपण हे किती जणांना म्हटलंय. त्यांच्या मागोमाग चांगू न्हावी आला. त्याने दुकानातली फिरती खुर्ची पाठीवर घेऊन तीन मजले चढवली होती, कारण गेल्या पुरात गेलेली खुर्ची त्याला अजून स्वप्नात दिसत होती. त्याच्या मागे त्याची बायको, तिच्या मागे आळीतली उरलेली सगळी. खुर्ची बाल्कनीत लागली आणि बसल्याबसल्या चांगूने एकाची दाढीही करायला घेतली.

शेवटी आले हैबतीमामा, बनुबाईचे भाऊ, उमरठहून, एका शेळीला घेऊन. एकवीस साली तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून पोलादपूरकडची माणसं जोराचा पाऊस लागला की डोंगराखाली राहत नाहीत. खालची माणसं वर येतात, वरची खाली येतात आणि सगळी भेटली ती महिपतीच्या हॉलमध्ये. "शेरडू न्हाणीत बांधतो, कुणाला तरास नाय," मामा म्हणाले. शेळीने न्हाणीघरातून लगेच ओरडायला सुरुवात केली.

निळी खोली मात्र बंद होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली महिपतीच्या खिशात. मॅडमना दाखवायला एवढं एकच काय ते उरलं होतं. चाचींनी दाराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हिथं वारा लागतोय बाळाला. आत काय हाय?"

त्या क्षणी महिपतीला सगळ्यांचा राग आला. चाचींचा आला, मामांचा आला, त्या तान्ह्या बाळाचासुद्धा आला. एक दिवस, फक्त आजचा एक दिवस यांना नदीने घरी राहू द्यायला काय झालं होतं, असं त्याला वाटलं. त्याने पूजाकडे बघितलं. पूजाचे डोळे भरले होते, पण तिने हात पुढे केला आणि त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. नौशीन बाळाला घेऊन माशांच्या चादरीवर बसली. मग पलंग भिंतीकडे सरकला, जमिनीवर गाद्या पडल्या, आणि बघता बघता खोली कपाटापासून खिडकीपर्यंत भरली.

थोड्या वेळाने पुन्हा बेल वाजली आणि दार उघडलं बनुबाईने. समोर पन्नाशीच्या एक बाई, नखशिखान्त भिजलेल्या, छत्री उलटी झालेली, चप्पल एकच. बनुबाईने त्यांना हाताला धरून आत ओढलं.

"कुठल्या आळीतली गो तू?"

"नाही, मी अलिबागहून..."

"अगो आई. अलिबागपर्यंत पाणी?" बनुबाईने कपाळाला हात लावला. "बोलू नको काय आता. आधी कापडं बदल."

बाईंनी आणखी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, पण बनुबाईसमोर वाक्य पुरं करणं हे महाडात कोणाला जमलेलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला त्या पूजाच्या मोठ्या फुलाफुलांच्या मॅक्सीत, डोक्याला पंचा गुंडाळून, हातात चहा घेऊन बसल्या होत्या. दहाव्या मिनिटाला त्यांच्यासमोर लसणाचा ढीग पडला. "नुसती बसू नको, मन लागत नाय," बनुबाई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बाई लसूण सोलायला लागल्या. पूजा आत सगळ्यांसाठी भात टाकत होती, तिने बाहेर पाहिलंसुद्धा नाही.

बाईंच्या शेजारीच महिपती जमिनीवर उताणा पडला होता, कमरेखाली उशी घेऊन, दाराकडे डोळे लावून. शेळीच्या ओरडण्यात दारातलं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं.

"ताई, येताना रस्त्यात एखादी सरकारी बाई दिसली का?"

"का हो?"

"यायची हाय आमच्याकडं. पावसात अडकली असंल बिचारी." तो थोडा थांबला. "नाय आली तर बरंच हाय."

"असं का म्हणता?"

महिपतीला कोणाशी तरी बोलायचंच होतं. ही बाई कोण कुठली, उद्या पाणी उतरलं की निघून जाणार. त्याने सगळं सांगितलं, सुनीलपासून. "पोर मुकीच हाय आमच्याशी. दर रविवारी मी तिला जेवलीस का विचारतो. दुसरं सुचतच नाय हो. भीती वाटते. ती सुनीलसारखी दिसते ना. आता मॅडम येणार, हे सगळं बघणार. बाल्कनीत न्हावी, न्हाणीत शेळी. ती कशाला पोर देईल या घरात?"

"मग यांना तासभर दुसरीकडे पाठवा की. गच्चीवर वगैरे."

"गच्चीवर पाऊस हाय," महिपती म्हणाला. मग म्हणाला, "आणि असं कसं पाठवणार."

बाईंनी आणखी एक पाकळी सोलली. तेवढ्यात महिपतीच्या छातीवर ठेवलेला फोन वाजायला लागला. मॉरिशस. महिपतीने तो उचलला नाही, नुसता धरून ठेवला.

"घ्या," बाई म्हणाल्या. "मी म्हात्रे. अलिबागहून आलेय. तुमच्या आई बोलू देत नाहीत."

महिपती उठायला गेला, कमरेने त्याला पुन्हा खाली आपटलं आणि त्या धडपडीत अंगठा लागून फोन चालू झाला. पूजा आतून भाताचा झारा घेऊन धावत आली. मॅक्सीतल्या बाई म्हणजे मॅडम आहेत हे तिला कळलं आणि ती झाऱ्यासकट खाली बसली. काठाची साडी, ओळीने बसणं, दुसरे प्रश्न, सगळं राहिलं. फोन महिपतीच्या हातात आडवातिडवा होता आणि पडद्यावर नेहमीप्रमाणे वेण्यांची टोकं होती. महिपती तोंड उघडून म्हणाला, "जे..." आणि थांबला, कारण वेण्यांखालून कपाळ वर आलं, मग डोळे, आणि मग पहिल्यांदाच अख्खा चेहरा.

"फ्रिज वर का?" केशिनीने विचारलं.

महिपतीने मान वळवून फ्रिजकडे बघितलं, जणू तोही आत्ताच बघतोय.

"पाणी येतं ना, म्हणून."

"पाणी आलं?"

"नाय आलं. आपण लय वर राहतो."

"मग फ्रिज वर का?"

महिपतीने खरं ते सांगितलं, "चुकून चढवला. आता उतरवता येत नाय. माझी कंबर गेली."

केशिनी हसली. दोन दात पडलेले होते. पलीकडे तिची आजी पुढे वाकली, हा आवाज कोणाचा ते बघायला. शेळी न्हाणीघरातून ओरडली आणि केशिनी म्हणाली, "ते काय? दाखव." मग हैबतीमामांनी फोन घेतला. त्यांनी तो उलटा धरला होता, त्यामुळे शेळी तिला छताला टांगलेली दिसली असणार, पण तक्रार आली नाही. चांगूने खुर्ची गरगर फिरवून दाखवली, वर बसलेल्या गिऱ्हाइकासकट. बनुबाई मागून सूचना देत होती. म्हात्रे मॅडम मॅक्सी सावरत सगळ्यांच्या मागून चालल्या होत्या. फिरत फिरत मामा निळ्या खोलीच्या दारात पोचले, आणि पूजाने अडवायच्या आत त्यांनी फोन आत वळवला.

केशिनीचं हसू थांबलं. या खोलीचा फोटो पूजाने तिला पाठवला होता.

"ती माझी खोली."

महिपती भिंतीला धरत, अर्धा वाकलेला, दारापर्यंत आला. त्याने मामांच्या हातातून फोन घेतला.

"तुझीच हाय," तो म्हणाला. "आज यांना दिली. तुला विचारायला पायजे होतं, नाय विचारलं. चुकलं माझं."

केशिनीने खोलीतल्या एकेकाकडे बघितलं. चाची, चांगूची बायको, आळीतल्या म्हाताऱ्या, पलंगावर नौशीन आणि बाळ. पूजाने पदर तोंडाला लावला. म्हात्रे मॅडम फोनचा पडदा दिसावा म्हणून पुढे सरकल्या.

"मग मी कुठे झोपणार?" केशिनीने विचारलं.

खोलीत एकदम गडबड उडाली. चांगूच्या बायकोने पाय पोटाशी घेतले. म्हाताऱ्या एकमेकींवर रेलल्या, कोणी पिशवी मांडीवर घेतली, कोणी चादर ओढून सरळ केली, आणि एवढ्या भरलेल्या खोलीत, चाचींच्या शेजारी, एका पोरापुरती जागा झाली. महरुन्निसाचाचींनी त्या जागेवर हात थोपटला. "हिथं ये, बाळा. माझ्यापाशी."

"तिथे नको," केशिनी म्हणाली. "भिंतीकडे."

पलंगासमोरच्या भिंतीकडे बनुबाई बसली होती, फोनच्या मागोमाग आत येऊन नुकतीच टेकलेली. तिने आयुष्यात कोणासाठी जागा सोडल्याचं महिपतीला आठवत नव्हतं. ती उठली, आपली उशी काखेत मारली आणि पदराने गादी झटकायला लागली.